ऑटोमॅटिक, पण मॅन्युअलवर

सहकारी साखर कारखान्यात ऑटोमेशन येतं ते फीत कापूनच येतं. चेअरमनसाहेब कंट्रोल रूममधल्या नव्या खुर्चीत बसतात, माउसवर हात ठेवतात, फोटो निघतो. पाहुणे चहाकडे वळले की बॉयलर अटेंडंट त्याच माउसनं ड्रम लेव्हलचा लूप हळूच मॅन्युअलला घेतो. तो मग हंगामभर मॅन्युअललाच राहतो. यावर कुणाची तक्रार नसते, कारण वार्षिक अहवालात ‘संपूर्ण स्वयंचलित’ असं छापून झालेलं असतं आणि ते खोटंही नसतं. यंत्रणा स्वयंचलितच आहे. फक्त ती चालवावी लागते.

बाहेरच्या माणसाला वाटतं, जुन्या कामगारांना नवं शिकायला नको असतं. पण हेच कामगार मोबाइलवर सातबारा काढतात, नातवाला व्हिडिओ कॉल लावतात. अडचण त्यांची नाही. मॅन्युअलला जायची तयारी लूपच्या जन्मापासून सुरू असते आणि तीत प्रत्येक खात्याचा थोडा थोडा हातभार असतो. नाव मात्र शेवटी एकाचंच खराब होतं, कंट्रोल व्हॉल्व्हचं.

त्याचं असं आहे की लूप हा कारभार तिघांचा. ट्रान्समीटर मोजतो आणि कळवतो. कंट्रोलर ऐकतो आणि ठरवतो. व्हॉल्व्ह करतो. ट्रान्समीटरला अंग हलवावं लागत नाही, कंट्रोलर तर एसीत बसतो. हलणं, घासणं, झिजणं, गळणं ही कामं तिसऱ्याच्या वाट्याला. त्यामुळे बोट दाखवायलाही तोच सापडतो. मोजणारा चुकला तर आकडा चुकतो, आणि चुकलेला आकडा पडद्यावर बरोबर आकड्याइतकाच देखणा दिसतो. व्हॉल्व्ह चुकला तर पाणी टपकतं आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याच्या डोक्यावर पडतं.

उदाहरणाला बॉयलरचा फीड वॉटर कंट्रोल व्हॉल्व्ह घेऊ. ड्रममधलं पाणी मध्यावर राखायचं, एवढंच त्याचं काम. पाणी फार उतरलं तर नळ्या जळतात. फार चढलं तर ते वाफेबरोबर सुपरहीटरमध्ये जातं आणि तिथून टर्बाइनच्या पात्यांवर. काम जुनं आहे. सैबेरियातल्या बर्नाउलला इवान पोल्झुनोवनं १७६५ साली आपल्या वाफेच्या इंजिनाच्या बॉयलरला फ्लोट लावून ते करून दाखवलं. पाणी उतरलं की फ्लोट उतरायचा आणि पाण्याची वाट उघडायची. त्याला ना निविदा काढावी लागली, ना तीन कोटेशनं मागवावी लागली.

आपल्याकडे व्हॉल्व्हची निवड आकडेमोडीनं होते. व्हॉल्व्हच्या अंगात किती दम आहे हे ‘सीव्ही’ सांगतो. व्हॉल्व्ह पूर्ण उघडा आणि अलीकडच्या-पलीकडच्या दाबात १ पीएसआयचा फरक असताना ६० अंश फॅरनहाइटचं पाणी मिनिटाला जितके अमेरिकन गॅलन जाईल, तेवढा त्याचा सीव्ही. इथवर सगळं स्वच्छ असतं. पुढे त्यात माणसं येतात.

समजा, बॉयलरला तासाला ५० टन पाणी लागतं. प्रोसेसवाला म्हणतो, ५५ लिहा, ऐनवेळी कमी पडायला नको. बॉयलरवाला त्यावर आपले १० टक्के चढवतो, झाले साडेसाठ. कन्सल्टंट ‘भविष्यातील विस्तार’ या सदराखाली आणखी २५ टक्के टाकतो, आणि आपण पंचाहत्तरच्या पुढे जातो. भविष्यातील विस्तार हा सहकारातला फार जिव्हाळ्याचा विषय. २५०० टनांचा कारखाना ५००० टनांवर नेण्याचा ठराव वार्षिक सभेत टाळ्यांच्या गजरात मंजूर होतो. कारखाना विस्तारतो न विस्तारतो, व्हॉल्व्ह मात्र विस्तारून बसलेला असतो. शेवटी व्हॉल्व्हवाला कॅटलॉग उघडतो. पंचाहत्तरला नेमकं बसणारं माप त्यात नसतं, खालचं पुरत नाही, म्हणून तो वरचं देतो. प्रत्येकानं आपापली अब्रू सांभाळलेली असते आणि ५० टनांच्या कामाला १०० टनांचा गडी येऊन दाखल होतो.

त्यात पंपवाल्यानंही हेडमध्ये आपली शिल्लक टाकलेली. म्हणजे व्हॉल्व्हवर जो दाब पडेल असं कागदावर होतं, त्याच्या कितीतरी पट प्रत्यक्षात पडतो. साठ-सत्तर टक्के उघडून ऐसपैस काम करावं असा हा व्हॉल्व्ह मग जन्मभर १५ ते ३० टक्क्यांच्या बोळात येरझाऱ्या घालतो. तिथं तो टक्काभर हलला तरी ड्रमला तासाला दीड-दोन टनांचा फरक जाणवतो. प्लग कायम सीटच्या तोंडाशी असल्यामुळे पाण्याची धार दोघांनाही कापत राहते. व्हॉल्व्ह अजून खोक्यातून निघालेला नसतो आणि त्याची प्रकृती बिघडायला सुरुवात झालेली असते.

फाइल खरेदी समितीपुढे येते. समितीत उसातलं उत्तम कळणारी मंडळी असतात. एक संचालक माहितीपत्रक उलटंसुलटं करून विचारतात, ‘वजन किती ह्याचं?’ आकडा ऐकून मनातल्या मनात गुणाकार करतात आणि म्हणतात, ‘एवढ्या वजनाचं कास्टिंग आमच्या शिरोलीत धा पटीनं स्वस्त पडतंय की!’ त्यांचं काही चूक नसतं. कोल्हापूरच्या फाउंड्रीत कास्टिंग खरंच स्वस्त पडतं. पैसे असतात ते आतल्या प्लग आणि सीटच्या जोडीचे, तिच्यावर चढवलेल्या कठीण धातूचे, आणि बॉयलर इन्स्पेक्टरला दाखवायच्या आयबीआरच्या फॉर्म थ्री-सीचे. वजनाच्या हिशेबानं बघितलं तर सगळ्यांत महाग पडतो तो हा फॉर्म.

तरी बचत दाखवायची असतेच. फीड स्टेशनच्या नकाशात बहुधा तीन व्हॉल्व्ह असतात. दोन पूर्ण क्षमतेचे, एक कामाला आणि एक राखीव. तिसरा ३० टक्क्यांचा, बॉयलर पेटवताना लागणारा. ‘वर्षातनं एकदा लागणाऱ्या वस्तूला एवढे पैसे?’ असा रास्त प्रश्न निघतो आणि धाकट्यावर काट बसते.

त्याचं उत्तर अग्निप्रदीपनाच्या दिवशी मिळतं. दसऱ्याच्या आगेमागे मुहूर्त असतो. भटजी मंत्र म्हणत असतात, ड्रममध्ये दाब शून्य असतो, आणि पंप मात्र पुऱ्या दाबानं पाणी ढकलत असतो. दोन्हींतला सगळा फरक त्या आडमाप व्हॉल्व्हनं, जेमतेम किलकिला होऊन, एकट्यानं पचवायचा. आतल्या अरुंद जागेत पाण्याचा वेग वाढतो, दाब बाष्पदाबाखाली उतरतो, बुडबुडे होतात. पुढे दाब सावरला की ते मिटतात आणि मिटताना पोलादाचे कण उपटून नेतात. याला कॅव्हिटेशन म्हणतात. बाहेर ऐकू येतं ते पाइपातून खडी वाहत असल्यासारखं. निमंत्रितांना ती यंत्र सुरू झाल्याची शुभ खूण वाटते आणि कुणीतरी नारळ फोडतो.

निवडीतला आणखी एक प्रश्न समितीपुढे येतच नाही, पण यायला हवा, कारण तो त्यांच्या आवडीचा आहे. हवा गेली तर व्हॉल्व्हनं काय करावं? बहुतेक कंट्रोल व्हॉल्व्ह हवेवर चालतात. डायफ्रामच्या एका बाजूला हवा, दुसऱ्या बाजूला स्प्रिंग. हवा गेली की स्प्रिंग जिंकते आणि व्हॉल्व्ह पूर्ण उघडतो किंवा पूर्ण मिटतो. चुन्याच्या दुधाचा व्हॉल्व्ह असेल तर मिटलेला बरा, यावर वाद नाही. फीड वॉटरचा मिटला तर बॉयलर कोरडा, उघडला तर टर्बाइनला आंघोळ. म्हणून अनेक ठिकाणी लॉक-अप रिले बसवून हवा कोंडून ठेवतात. हवा गेली तर व्हॉल्व्ह आहे तिथंच थांबतो, उघडत नाही आणि मिटतही नाही. निर्णय अवघड झाला की आहे तिथंच थांबायचं, हे तत्त्व समितीला समजावून सांगावं लागलं नसतं.

यथावकाश व्हॉल्व्ह बसतो. कुठं बसतो? पाइपिंगवाल्याला सोपं पडेल तिथं. म्हणजे दोन पुरुष उंचीवर, आणि कंट्रोलरच्या हुकुमाप्रमाणे व्हॉल्व्ह हलवणाऱ्या पोझिशनरचे गेज भिंतीकडे तोंड करून. शेजारून बायपास जातो, त्यावर हातचाकाचा व्हॉल्व्ह. कंट्रोल व्हॉल्व्ह दुरुस्तीला काढला तर तेवढ्यापुरतं पाणी इकडून द्यावं अशी योजना. व्यवहारात बायपास चार आटे कायम उघडा असतो. ‘आसू दे, बरं असतंय.’ निम्मं पाणी बायपासनं जातं. मग कंट्रोल व्हॉल्व्हला काबूत ठेवता येत नाही म्हणून त्याला मॅन्युअलला घेतात.

हवेचीही एक कथा आहे. पोझिशनरमधली नॉझलची भोकं बारीक असतात, तेल आणि पाणी त्यांना चालत नाही. म्हणून कॉम्प्रेसरपुढे ड्रायर असतो. त्यातली निळी सिलिका जेल कोरडी असेतो निळी राहते, ओल धरली की गुलाबी होते. बऱ्याच ठिकाणी ती इतकी वर्षं गुलाबी आहे की नव्या माणसाला तोच तिचा रंग वाटतो.

एका कारखान्यात ड्रमची पातळी दिवसातून तीनदा ठरल्या वेळी बिघडायची. चारला, बाराला, आठला, त्याआधीच्या दहा-पंधरा मिनिटांत. पुण्याहून कन्सल्टंट आले. त्यांनी ट्रेंडचे कागद जमिनीवर अंथरले, वाफेचा लोड बघितला, मिलचा बघितला, पॅनचा बघितला. काही जुळेना. जुळलं ते इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकला, ट्रेंड न बघता. पाळी सुटायच्या आधी बॉयलर हाउसचे लोक अंगावरचा भुसा झटकायला इन्स्ट्रुमेंट एअरच्या लाइनीला लावलेली होज वापरायचे. आधी शर्ट, मग पँट, डोकं, शेवटी चपला. दहा-बारा जण स्वच्छ होईपर्यंत हवेचा दाब खाली यायचा आणि व्हॉल्व्ह मान टाकायचा. कन्सल्टंटांच्या अहवालात याला ‘नियतकालिक बाह्य व्यत्यय’ असं नाव मिळालं. उपाय म्हणून वेगळा कॉम्प्रेसर सुचवला गेला. तो आला. आता भुसा दोन होजनी झटकतात.

आता सिग्नलकडे येऊ, कारण ज्यांनी तो ठरवला त्यांना माणसाच्या स्वभावाची जाण होती असं माझं मत आहे. ट्रान्समीटर आपला निरोप ४ ते २० मिलिअँपिअरमध्ये पाठवतो. काहीच नाही याला ४, पूर्ण भरलं याला २०. शून्याला शून्य का नाही? कारण तार तुटली तरी शून्यच येतं. चाराचा आकडा म्हणजे मस्टरवर सही आहे, काम शून्य. शून्याचा आकडा म्हणजे माणूसच आलेला नाही. हा फरक कागदावर स्पष्ट दिसेल अशी सोय असलेलं हे कारखान्यातलं बहुधा एकमेव खातं.

पण जी खबरदारी तारेत घेतली ती काचेत घेता आली नाही. रस साफ करताना त्यात चुन्याचं दूध आणि गंधकाचा वायू सोडतात आणि पीएच ७ च्या आसपास राखतात. आंबट राहिला तर साखरेचं इन्व्हर्शन होतं, म्हणजे पोत्यात यायची ती मळीत जाते. चुना जास्त झाला तर रंग चढतो. यासाठी रसात काचेचा इलेक्ट्रोड बुडवलेला असतो. हा इलेक्ट्रोड पीएच ७ ला शून्य मिलिव्होल्ट देतो. आणि काच तडकली तर? तरीही शून्याच्या आसपासच. म्हणजे मेलेला इलेक्ट्रोड नेमका तोच आकडा दाखवतो जो केमिस्टला हवा असतो.

असा इलेक्ट्रोड सगळ्यांचा लाडका होतो. जिवंत इलेक्ट्रोडचा आकडा वर-खाली होतो, काचेवर चुन्याचा थर धरला की आळसावतो, सौम्य हायड्रोक्लोरिक अॅसिडनं धुवावा लागतो, चार आणि सातच्या बफरमध्ये बुडवून ताळ्यावर आणावा लागतो. मेलेल्याचं काही करावं लागत नाही. लॉगशीटवर सात, सात, सात. चुन्याचा व्हॉल्व्ह जागचा हलत नाही म्हणून त्याचंही कौतुक होतं. सल्फिटरवरचा जुना गडी मात्र पांढऱ्या टाइलवर रसाचा थेंब घेतो, त्यावर बीटीबी हा रंगदर्शक टाकतो आणि रंग बघतो. पिवळा आला तर आंबट, निळा आला तर चुना जास्त, हिरवा आला तर ठीक. पिवळा आला की तो पडद्याकडे न बघता चुन्याचं हातचाक फिरवायला जातो. पडद्यावर तेव्हाही सातच असतात.

फीड वॉटरच्या व्हॉल्व्हकडे परत जायचं तर वाटेत फिटर भेटतो. दांड्याभोवती पाणी गळू नये म्हणून टेफ्लॉनचं पॅकिंग असतं, ते ग्लँडनं आवळलेलं. थेंब दिसला की फिटर पाना लावतो. पान्याला पाइप लावतो. पाइपाला स्वतःला लावतो. थेंब थांबतो आणि त्याबरोबर दांडाही. कंट्रोलर म्हणतो, २० टक्के. व्हॉल्व्ह गप्प. २१. गप्प. २२, २३, २४. पंचविसाला दांडा सुटतो आणि एकदम उडी मारतो. पाणी जास्त होतं, कंट्रोलर उलटा फिरतो, दांडा पुन्हा रुसतो. पातळी वर-खाली, वर-खाली, रात्रंदिवस. याला हंटिंग म्हणतात, आणि त्याचं निदान ठरलेलं असतं, ट्यूनिंग बिघडलंय.

ट्यूनिंगवाल्या साहेबांकडे एक प्रसिद्ध पद्धत असते. टेलर इन्स्ट्रुमेंट कंपनीतल्या झिग्लर आणि निकोल्स या दोघांनी ती १९४२ साली मांडली. कंट्रोलरचा गेन वाढवत न्यायचा, लूप एकसारखे हेलकावे खायला लागला की तो गेन टिपून घ्यायचा आणि साधारण त्याच्या निम्मा ठेवायचा. पद्धत चांगली आहे. फक्त पेटत्या बॉयलरवर तिची पहिली पायरी सुचवून बघावी. ‘तात्या, जरा लूपला हेलकावे खायला लावू या,’ असं एका तरुण इंजिनिअरनं म्हटल्यावर अटेंडंट तात्या शांतपणे उत्तरले, ‘लावा की. आधी घरी फोन करून घ्या.’

रुतलेल्या दांड्यावर ट्यूनिंगचा इलाज चालत नाही, हे इन्स्ट्रुमेंट मेकॅनिकला पाठ असतं. आधी हवा बघायची, मग पोझिशनर, मग दांडा. सिग्नल ०, २५, ५०, ७५, १०० असा देत व्हॉल्व्ह चढवायचा, त्याच पायऱ्यांनी उतरवायचा आणि दोन्ही वेळी तो एकाच जागी थांबतो का ते बघायचं. अर्ध्या तासाचं काम. पण त्यासाठी व्हॉल्व्हपर्यंत शिडी लावावी लागते. ट्यूनिंग खुर्चीत बसून होतं. म्हणून बहुतेक व्हॉल्व्हची दुरुस्ती खुर्चीत बसून होते.

खुर्चीतून आणखी एक भ्रम होतो. पडद्यावर व्हॉल्व्हशेजारी ‘६०’ लिहिलेलं असतं. सगळे म्हणतात, व्हॉल्व्ह ६० टक्के उघडलाय. तो आकडा बहुधा कंट्रोलरच्या हुकुमाचा असतो. व्हॉल्व्हनं काय केलं ते त्यात नसतं. अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंडच्या अणुवीज केंद्रात २८ मार्च १९७९ च्या पहाटे हेच नडलं. दाब उतरवणारा एक व्हॉल्व्ह उघडा अडकला. पॅनलवरचा त्याचा दिवा विझलेला होता, म्हणून चालकांनी तो मिटला असं धरलं. दिवा सांगत होता ते इतकंच की सोलेनॉइडला मिटण्याचा सिग्नल गेलाय. दोन तासांवर थंड करणारं पाणी त्या वाटेनं निघून जात राहिलं आणि अणुभट्टीचा गाभा बराचसा वितळला. आदेश निघाला म्हणजे काम झालं, ही समजूत आपल्याच सरकारी कचेऱ्यांत असते असं नाही. तिकडे तिला दिवाही लावला होता.

हंगाम संपतो, धुराडं थांबतं, ओव्हरहॉलिंग सुरू होतं. देखभालीचे महिने ते हेच. व्हॉल्व्ह खाली उतरवावा, उघडावा, प्लग आणि सीट लॅपिंग पेस्टनं घासून बसवावी, पॅकिंग बदलावं, डायफ्राम उजेडात धरून चिरा बघाव्यात, मिटल्यावर किती गळतो ते तपासावं. धातूची सीट असलेल्या व्हॉल्व्हला क्लास फोर लावतात, त्यात पूर्ण क्षमतेच्या ०.०१ टक्का गळती माफ असते. हे सगळं यादीत असतं. पण यादी उघडायच्या आत रंगारी पोचतो.

मोळी पूजनाला मंत्री येणार असतात, म्हणून जे दिसेल त्याला सिल्व्हर पेंट मारायचा असा आदेश असतो. रंगारी हा कारखान्यातला सगळ्यांत प्रामाणिक कामगार. तो काहीही वगळत नाही. बॉडी रंगवतो, बॉनेट रंगवतो, आरशासारखा गुळगुळीत दांडा रंगवतो, गेजच्या काचा रंगवतो आणि शेवटी नेमप्लेट रंगवतो. दांड्यावरचा रंग हंगामाच्या पहिल्याच दिवशी पॅकिंगमध्ये जातो आणि त्याच्या चिंध्या करतो. नेमप्लेटवरचा सीरियल नंबर रंगाखाली गेल्यामुळे त्या पॅकिंगचा नवा संच मागवता येत नाही. स्टोअर विचारतं, ‘मॉडेल काय?’ खात्याकडून उत्तर जातं, ‘सिल्व्हर.’

काही कारखान्यांनी यावर उपाय म्हणून स्मार्ट पोझिशनर घेतले. हा पोझिशनर दांड्याचं घर्षण मोजतो, एकूण किती प्रवास झाला त्याची नोंद ठेवतो, आजारपण येण्याआधी इशारा देतो. सिग्नलच्या त्याच दोन तारांवरून हार्ट नावाच्या भाषेत तो हे सारं बोलतो. ऐकायला हातात धरायचा कम्युनिकेटर लागतो. कम्युनिकेटर आहे. चीफ इंजिनिअरांच्या कपाटात आहे, कारण महाग वस्तू आहे. त्याची बॅटरी उतरलेली आहे, कारण कपाटाची किल्ली साहेबांकडे असते. व्हॉल्व्ह मात्र महिनोन्महिने आपली दुखणी सांगतोय. अंगावर त्याच्या ‘कॅलिब्रेशन ओके’ असं हिरवं स्टिकर आहे. ऑडिटच्या आदल्या दिवशी ते नियमितपणे बदललं जातं.

एवढं सगळं होऊन बॉयलर चालतो, पोती भरतात, आणि ड्रमची पातळी मध्यावर असते. ती कशी राहते हे बघायचं तर रात्रपाळीला तात्यांच्या शेजारी बसायला हवं. वाफेची ओढ अचानक वाढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी वर चढलेली दिसते. पाणी प्रत्यक्षात कमी होत असतं. एकट्या पातळीवर विसंबणारा कंट्रोलर फसतो आणि व्हॉल्व्ह मिटायला लागतो, म्हणजे पाणी हवं तेव्हाच तोडतो. तात्या मिटत नाहीत. ‘फुगलंय ते, वाढलं न्हाई,’ असं म्हणून उलट थोडं उघडतात. त्यांची एक नजर वाफेच्या फ्लोवर असते, दुसरी फीड पंपाच्या अँपिअरवर, आणि मधूनच गेज ग्लासवर. वाफ किती गेली, पाणी किती आलं, शिल्लक किती आहे. याच तीन गोष्टी बघून चालणाऱ्या पद्धतीला पुस्तकात थ्री एलिमेंट कंट्रोल म्हणतात. तात्या ती मॅन्युअलवर चालवत होते.

मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधून कोर्स करून आलेल्या एका पोरीनं हे ओळखलं. ती पाळीभर तात्यांजवळ बसली. कशानंतर किती उघडता, किती वेळ थांबता, कधी हात लावत नाही, ते वहीत टिपलं. मग बायपास बंद करून त्याचं हातचाकच काढून घेतलं. शिडी लावून ग्लँड सैल केलं, दांड्यावरचा रंग उतरवला, फ्लोचे दोन ट्रान्समीटर कंट्रोलरला जोडले आणि तात्यांच्या सवयींचे आकडे त्यात भरले. लूप ऑटोला टाकला. रात्रभर पातळी मध्यावरून हलली नाही. तात्यांनी दोनदा उठून गेज ग्लास बघितला, कारण पडद्यावर त्यांचा विश्वास नव्हता. पहाटे म्हणाले, ‘माझ्यावानीच चालवतंय की!’

पुढल्या वर्षी तात्या निवृत्त झाले. शाल, श्रीफळ, चेअरमनसाहेबांचं भाषण सगळं झालं. लूप ऑटोलाच होता आणि व्यवस्थित चालत होता. पण ऐन हंगामात धोका कशाला पत्करायचा, असा विचार करून संचालक मंडळानं ठराव केला आणि तात्यांना मानधनावर परत घेतलं. नेमणुकीच्या पत्रात हुद्दा लिहिला होता: सल्लागार, ऑटोमेशन.